बोट ट्रेलरच्या विंचला काय लावायचं: वायर, बेल्ट की दोर?

दरवर्षी मे संपत आला की फोन सुरू होतात, विंचची (बोट ट्रेलरवर ओढून घ्यायचा हँडलवाला ड्रम) वायर गेली रे, कुठली टाकू. १ जूनपासून मासेमारी बंद होते ती ३१ जुलैपर्यंत, ६१ दिवस, आणि आपल्यासारखे हौशी गळवालेसुद्धा तोवर बोट वर घेऊन टाकतात, कारण पावसाळ्यात खाडीच्या तोंडाशी होडी ठेवून झोप कोणाला लागणार. मग अख्ख्या वर्षात एकदाच विंचकडे लक्ष जातं आणि बघतो तर वायर कुठली, गंजाचं भेंडोळं उरलंय. आणि प्रत्येकाचा पहिला प्रश्न ठरलेला, किती टनाची घेऊ. मी म्हणतो टनाचं नंतर बघू, आधी हे सांग की तुझा ट्रेलर उभा राहतो तिथून बोटीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, किती अंतरावर असते?

ह्या एका उत्तरावर निम्मं काम होतं. ज्याच्याकडे जेटीला लागून पक्का उतार आहे, सिमेंटचा किंवा चिऱ्याचा, तो भरतीला ट्रेलर पाण्यात घालतो, बोट तरंगत ट्रेलरच्या मागच्या टोकाशी येते आणि विंचने ओढायचं अंतर असतं फार तर ४-५ मीटर. पण आपल्याकडे असे उतार किती ठिकाणी आहेत ते तुम्हाला माहितीच आहे. देवबाग-तारकर्लीसारख्या रेतीत गाडी पाण्यापर्यंत नेली तर आधी गाडी ओढायला ट्रॅक्टर बोलवावा लागतो. तिथे ट्रेलर वर घट्ट वाळूवर उभा करायचा आणि बोट १५-२० मीटरवरून ओंडक्यांवरून ओढत आणायची. त्यात तुम्ही भांगाच्या, म्हणजे छोट्या भरतीच्या दिवसांत गेलात तर भरतीचं पाणी वर चढतच नाही, अजून ५ मीटर वाढले. म्हणजे नाव एकच, विंच, पण कामं दोन अगदी वेगळी.

आता हे अंतर इतकं महत्त्वाचं का, तर विंचच्या ड्रममुळे. विंचवर ५०० किलो, ७०० किलो, १००० किलो असं काही लिहिलेलं असतं ते ड्रमवर एकच थर असताना. जसजसे थर चढतात तसा ड्रम जाड होतो आणि ओढ कमी होते, सायकलच्या मागच्या मोठ्या आणि लहान दात्यांच्या चाकाचा फरक असतो तसंच. व्यास दुप्पट झाला की ओढ निम्मी, साधा हिशोब. मी एकदा कागदावर मांडून बघितलं. ड्रमची दांडी ५ सेंटीमीटर जाड, त्यावर अडीच मिलीमीटर जाडीचा ६ मीटर बेल्ट पूर्ण गुंडाळला तर गुंडाळी जवळजवळ १५ सेंटीमीटर व्यासाची होते. म्हणजे शेवटी ओढ एक तृतीयांश! आणि गंमत अशी की बोट लांब असते, पाण्यात हलकी असते, तेव्हा बेल्ट बाहेर असतो आणि ओढ भरपूर मिळते, आणि नाळ पुढच्या रबरी ठोकळ्यावर चढवायची असते त्या शेवटच्या दोन फुटांत ड्रम भरलेला असतो आणि हँडल हलत नाही. लोक म्हणतात विंच बिघडला. विंच बिघडलेला नसतो हो, बेल्ट गरजेपेक्षा लांब असतो.

तोच ड्रम, दांडी ५ सेंटीमीटर आणि रुंदी ६ सेंटीमीटर धरली, तर ६ मिलीमीटरचा दोर १५ मीटर गुंडाळूनसुद्धा व्यास ११-१२ सेंटीमीटरच होतो, कारण दोर शेजारी शेजारी बसतो, बेल्टला एकावर एकच बसावं लागतं. तेव्हा पक्का उतार असेल तर बेल्ट, रेतीत लांबून ओढायचं असेल तर दोर, इथपर्यंत माझं मत स्पष्ट आहे. लोखंडी वायर मी आता स्वतः लावत नाही, पण तिच्याबद्दल पुढे लिहितो कारण अजून अर्ध्या किनाऱ्याच्या विंचवर तीच आहे.

लांबी कशी मोजायची: बोट जिथून ओढायला सुरुवात करता तिथे नाळेच्या कडीपासून विंचपर्यंत टेप लावा, त्यात १ मीटर जास्त, आणि ड्रमवर कायम राहायचे वेढे वेगळे. हे वेढे कधीच उलगडायचे नाहीत, वायर आणि बेल्टला ४-५, गुळगुळीत दोराला ६-७ तरी ठेवा, कारण सगळा भार त्या वेढ्यांच्या घर्षणावर असतो. ड्रमच्या आतला तो एवढासा बोल्ट किंवा क्लॅम्प फक्त टोक धरून ठेवायला आहे, बोट ओढायला नाही. शेवटचा वेढा सुटला की तो बोल्ट किती टिकतो हे मी रेवदंड्याच्या बाजूला एकदा बघितलंय, टक्क असा आवाज आला आणि बोट परत पाण्यात. कोणाला लागलं नाही, पण बोटीत बसलेल्या माणसाचा चेहरा बघण्यासारखा होता.

आता टनाचं. समजा १७ फुटी फायबरची बोट, नुसती रिकामी बोट ४५० किलो, इंजिन ८०, ४० लिटर पेट्रोल म्हणजे ३० किलो, नांगर, बर्फाची पेटी, जाळी-बिळी ६०, आणि तळाला साचलेलं पाणी जे कोणी मोजत नाही, ८ बादल्या धरा, ८० किलो. झाले ७०० किलो. (ते पाणी आधी काढा हो. वर ओढल्यावर बुच काढून सोडायचं पाणी खाली असतानाच उपसलं तर विंचचं एक दशांश काम वाचतं, पण नाही, आपल्याला घाई.) उतार सातास एक असेल, म्हणजे ७ फूट चाललं की १ फूट चढ, तर उताराची ओढ ७०० भागिले ७, १०० किलो. त्यात घर्षण. रबरी रोलरचा ट्रेलर असेल तर ५०-७० किलो, गालिचा मारलेल्या फळ्यांवर घासत येत असेल तर दीडशे ते दोनशे. म्हणजे सगळं मिळून दीडशे ते तीनशे किलोची ओढ. रेतीतून नुसती कणा (तळाची मधली कड) घासत ओढलीत तर मात्र हिशोब सोडा, वजनाच्या निम्म्याहून जास्त ओढ नुसत्या घर्षणाची जाते, म्हणून तर आपले लोक ओंडके टाकतात.

आकडे बघितले तर ओढ तशी फार मोठी नाही. पण झटके असतात. लाट आली, बोट मागे गेली आणि परत ताणली, किंवा कणा कुठेतरी अडकला आणि तुम्ही हँडल दाबतच राहिलात. म्हणून माझा नियम असा की दोर, बेल्ट, वायर काहीही असो, तुटायचा भार विंचवर लिहिलेल्या आकड्याच्या तिप्पट तरी हवा. ७०० किलोचा विंच असेल तर दोन-सव्वादोन टन. ६ मिलीमीटरची साधी लोखंडी वायर दोन टनांच्या आसपास तुटते, त्याच जाडीचा खरा डायनीमा (मऊ पण फार मजबूत दोर, त्याच्याबद्दल पुढे) तीन टनांच्या वर जातो, ५० मिलीमीटर रुंद पॉलिएस्टर बेल्टही आरामात बसतो. लेबल वाचताना एक सांभाळा, दोन आकडे असतात, काम करायचा भार वेगळा आणि तुटायचा वेगळा, आणि दुकानदार नेहमी मोठा आकडा सांगतो. आणि हो, नवं असतानाचा आकडा आहे तो. दोन पावसाळे, चिऱ्याच्या कडेवर घासणं आणि रेती खाल्ल्यावरचा आकडा कुठल्याच लेबलवर नसतो, आणि आपल्याकडे लाइन (वायर, बेल्ट, दोर जे असेल ते) जाते ती वजनाने नाही, ह्याच गोष्टींनी जाते. तेव्हा मला तरी अशी लाइन बरी वाटते जी खराब होताना डोळ्यांना दिसते.

वायर नेमकी तिथेच फसवते. वरून ठीक दिसते, आत खारं पाणी लटांच्या, म्हणजे पिळलेल्या तारांच्या जुड्यांच्या मध्ये बसलेलं असतं. गॅल्व्हनाइज्ड वायरवरचा जस्ताचा थर गेला की लाल गंज येतो, तो निदान दिसतो. स्टेनलेसवाले म्हणतात आम्हाला गंज नाही. ३०४ नंबरचं स्टेनलेस खाऱ्या हवेत चहाच्या डागासारखं पडतं, ३१६ बरं, पण दाबलेल्या फेरूलच्या (टोकाचा फासा धरणारी धातूची नळी) आत, जिथे हवा पोचत नाही आणि खारं पाणी पोचतं, तिथे तेही कुरतडलं जातं, आणि वायर तुटते ती बरोबर तिथूनच. शिवाय काटे. एक तार तुटली की ती बाहेर येऊन उभी राहते, आणि तुम्ही हाताने वायर सरळ ड्रमवर बसवायला जाता. माझ्या उजव्या तळव्यावर अंगठ्याखाली दीड इंचाची रेघ आहे ती अशीच एका संध्याकाळची, काळोख पडत होता, हातमोजे गाडीत होते आणि गाडी ५० पावलांवर होती.

तरी वायर कोणाला ठीक? ज्याचा ट्रेलर वर्षभर उघड्यावर उन्हात असतो, बोट वर्षातून दोनदाच खाली-वर होते, आणि उताराला धारदार चिरे आहेत जिथे लाइन घासल्याशिवाय राहतच नाही, त्याला वायर लावली तर मी नको म्हणणार नाही. घ्यायची तर गॅल्व्हनाइज्ड घ्या, आणि बारीक तारांची, ६ लटा आणि प्रत्येकीत १९ तारा ह्या धर्तीची किंवा त्याहून मऊ, कारण लहान ड्रमवर कडक वायर बसतच नाही, स्प्रिंगसारखी उडते. दुकानात दोन सूत म्हणून मागितली की ६ मिलीमीटर मिळते. बिलावर आयएस २२६६ असेल तर चांगलं, ते वायर रोपचं भारतीय मानक आहे. टोकाला थिंबल (खाचेची धातूची कडी) घालून डोळा, म्हणजे फासा करा आणि कारखान्यात दाबलेलं फेरूल मिळालं तर उत्तम, नाहीतर तीन यू क्लॅम्प, एकमेकांत दीड इंच अंतर. क्लॅम्प लावताना निम्मे लोक उलटे लावतात. यू ची गोल दांडी आखूड टोकावर बसली पाहिजे आणि खाचांचा जाड भाग ओढ येणाऱ्या लांब वायरवर. उलटं लावलं तर ती गोल दांडी चालत्या वायरलाच चिमटा काढते. पहिल्यांदा भार देऊन झाल्यावर नट परत आवळा, वायर दबते आणि ते ढिले होतात, हे कोणी करत नाही.

बेल्ट घेताना फार विचार नाही. ५० मिलीमीटर, पॉलिएस्टर, एका टोकाला हूक शिवलेला आणि दुसऱ्या टोकाला ड्रमच्या बोल्टसाठी शिवलेला फासा. आपल्याकडे बोटीच्या विंचचा म्हणून तयार बेल्ट शोधायला गेलात तर फिराल, पण ट्रकवाल्यांचा माल बांधायचा लॅशिंग बेल्ट कुठेही मिळतो, तो हव्या त्या लांबीचा घेऊन टोकाचा फासा चांगल्या शिवणाऱ्याकडून शिवून घेता येतो. चांगला शिवणारा म्हणजे ताडपत्री आणि गाडीच्या सीट शिवणारा, जाड पॉलिएस्टर धाग्याने, चौकोन आणि त्यात फुली अशी शिवण, एक रांग नको. सुती धागा वापरला तर एका पावसात कुजतो. आमच्या ओळखीच्या एकाने घरच्या शिलाई मशीनवर शिवला होता, मशीन गेलं आणि बेल्टही गेला. नायलॉनचा बेल्ट मात्र नको, नायलॉन ओला झाला की ताकद दहा-पंधरा टक्क्यांनी उतरते आणि ताणतोही जास्त, आणि ताणलेलं नायलॉन तुटलं की बेचकीसारखं परत येतं.

तसेच ते बंदरावरचे दोर, हिरवे-निळे, किलोवर मिळणारे पॉलिप्रॉपिलीनचे, विंचला लावू नका. जाळ्याला ठीक, नांगराला चालून जाईल, पण विंचला नाही. ६ मिलीमीटरचा जेमतेम अर्ध्या टनाला तुटतो, आणि उन्हात राहिला की हातात भुसा येतो. जाड घेतला तर ड्रमवर मावत नाही. रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढणाऱ्यांचं ऐकू नका की आम्ही आयुष्यभर ह्याच दोराने ओढतो, रापणीला दोन्ही बाजूंना माणसं असतात आणि ओढ हाताला कळते, विंचच्या हँडलला काही कळत नाही.

आता डायनीमा. हे एका कंपनीच्या मालाचं नाव आहे पण आपल्याकडे ह्या जातीच्या सगळ्या दोरांना डायनीमाच म्हणतात, जसं आपण कुठल्याही फोटोकॉपीला झेरॉक्स म्हणतो. खरं म्हणजे हे पॉलिथिलीन, पिशवीवालंच, फक्त त्याचे रेणू फार लांब आणि एका दिशेला ओढून बसवलेले. गुण असे की ताणत जवळजवळ नाही, पाण्यावर तरंगतो, त्यामुळे बोटीच्या पंख्यात जायच्या आत दिसतो, आणि हलका इतका की २० मीटर वायर अडीच किलोच्या वर जाते तिथे हा अर्धा किलोसुद्धा भरत नाही. एका हातात दोर घेऊन पाण्यात कमरेएवढं उतरायचं असतं तेव्हा ह्याची किंमत कळते. तोटे पण आहेत. महाग. १५० डिग्रीच्या आसपास वितळतो, म्हणजे शेजारी कोणी ग्राइंडर मारत असेल, वेल्डिंग चालू असेल तर आधी दोर झाका. आणि खोटा माल. पांढरा मऊ दोर दाखवून डायनीमा म्हणून गळ्यात मारतात. पाण्यात टाकून कळत नाही कारण पॉलिप्रॉपिलीनही तरंगतं. जाळून पण कळत नाही, दोघांना मेणबत्तीसारखाच वास येतो. मी काय करतो, दुकानातली साधी कात्री मागतो आणि म्हणतो ह्याचं टोक कापून द्या. एका फटक्यात कापला तर तो नाही. खऱ्याला साधी कात्री नुसती चावत बसते, तंतू दोन पात्यांच्या मध्ये घसरून जातात आणि दुकानदार वैतागतो.

आणि गाठ. इथे मी स्वतः शेण खाल्लंय. पहिल्यांदा दोर आणला, हुकाला छान गाठ मारली, लहानपणापासून मारतो तीच, आणि बोट अर्धी वर आली असताना बघतो तर गाठीचं शेपूट हळूहळू आत चाललंय. शांतपणे, काही आवाज नाही. मी ओरडेपर्यंत हूक एकीकडे आणि दोर एकीकडे. नशीब रोलरवर होती आणि मागे पाणी होतं, बोट सरळ घरंगळत खाडीत गेली आणि बरोबर असलेल्या काकांनी पोहत जाऊन धरली. वर आल्यावर त्यांनी दोर बोटांत घेऊन चोळला आणि म्हणाले, "मेल्या, ह्या साबणाक गाठ ऱ्हवतली काय?" बरोबर होतं. हा दोर इतका गुळगुळीत की साध्या गाठी सुटतात, आणि ज्या सुटत नाहीत त्या गाठीत दोराची निम्म्याच्या आसपास ताकद मरते. तेव्हा गाठ नाही, डोळा गुंफायचा.

हे अवघड नाही, उलट तीन लटांच्या दोरापेक्षा सोपं आहे. हा दोर १२ धाग्यांचा विणलेला आणि आतून पोकळ असतो, वेणीसारखा. दाबून आखूड केला की फुगतो आणि भोक पडतं. थिंबलभोवती दोर फिरवा, आणि आखूड टोक लांब दोराच्या पोटात शिरवून आतून पुढे न्यायचं. किती आत, तर दोराच्या जाडीच्या ७२ पट, ६ मिलीमीटरला ४३ सेंटीमीटर, म्हणजे आपल्या जुन्या मापाने साधारण एक हात, कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत. आत शिरवायला बॉलपेनचं रिकामं नळकांडं, त्यात दोराचं टोक टेप मारून खुपसा आणि बाहेरून बोटांनी सरकवत न्या, जसं पायजम्यात नाडी घालतो तसं. टोकाचे धागे एकेक कमी-जास्त लांबीवर कापून निमुळतं करा म्हणजे बाहेरचा दोर एकदम बारीक होत नाही. मग डोळ्याकडून खाली हाताने घट्ट निथळल्यासारखा ओढत आणा, आतला पकडला जातो, आणि जितकी ओढ जास्त तितकी पकड जास्त. शेवटी डोळ्याजवळ जाड सुई-दोऱ्याने आरपार पाच-सहा टाके, कारण भार नसताना हलून तो सैल होऊ शकतो. पहिला डोळा करायला मला दीड तास लागला, आता चहा थंड व्हायच्या आत होतो. काकांनी एकदा बघून दुसऱ्या वेळी माझ्यापेक्षा चांगला केला, ते वेगळं.

हूक कुठलाही असो, झाकणीवाला घ्या. उघडा एस हूक दोर सैल पडला की नाळेच्या कडीतून आपोआप निघतो आणि लाटेत दोर सैल पडतोच. हुकापेक्षा बो शॅकल (पिन फिरवून बंद करायची गोल कडी) बरा, पण थंडीत पहाटे ओल्या हाताने पिन फिरवायची तयारी ठेवा. पिन वायरने बांधून टाका नाहीतर रस्त्याच्या हादऱ्याने फिरून पडते. आणि हूक किंवा शॅकल, दोघांचा आकडा दोरापेक्षा कमी नको, बाजारात चकचकीत शॅकल मिळतात ज्यावर काही कोरलेलंच नसतं, ते कुत्र्याच्या पट्ट्याला लावा.

जुनी वायर काढून बेल्ट किंवा दोर लावणार असाल तर मधली पायरी चुकवू नका. वायरने ड्रमच्या कडांना आणि मधल्या दांडीला ओरखडे पाडलेले असतात, हाताचं बोट फिरवलं तर ब्लेडसारखे लागतात. नवा बेल्ट त्यावर एक हंगामही टिकत नाही. कानस घेऊन त्या कडा मारा, मग पॉलिशपेपर, आणि जुनं सुती फडकं फिरवून बघा, कुठे अडकलं तर तिथे परत कानस. रंग मारायचा तर मारा आणि पूर्ण वाळू द्या. गुंडाळायची दिशा जुनं काढायच्या आधी फोटो काढून ठेवा, उलटं गुंडाळलं तर खटका (ड्रमला उलटं फिरू न देणारा) चुकीच्या बाजूला धरतो आणि बोट ओढताना कळतं. खटक्याची स्प्रिंगही बदला, काही रुपयांत मिळते. खटका निसटला आणि हँडल उलटं फिरलं तर मनगट जातं, ही अतिशयोक्ती नाही. बोट खाली सोडतानाही हँडल हातातून सोडायचं नाही.

दोर पहिल्यांदा ड्रमवर सैल गुंडाळलात तर भार आल्यावर वरचा वेढा खालच्या थरांत रुतून बसतो, मग ऐन वेळी निघत नाही. आम्ही असं करतो की मोकळ्या सपाट जागेवर माडाला गोणपाट गुंडाळून त्याला दोराचं टोक बांधायचं, रिकामा ट्रेलर समोर, मागून दोघांनी थोडा धरून ठेवायचा आणि विंच फिरवत ट्रेलरच माडाकडे न्यायचा. दोर ताणात, शेजारी शेजारी बसतो. माडाला काही होत नाही, मालकाला आधी विचारा फक्त.

ओढताना लाइनच्या रेषेत कोणी उभं राहायचं नाही, मुलांना तर लांबच, आणि ताणलेल्या वायरवरून टांग टाकून पलीकडे जाणारे महाभाग प्रत्येक बंदरावर असतात, त्यांना ओरडा. वायर असेल तर मध्यावर ओलं गोणपाट टाका, तुटली तर फटका कमी बसतो. डायनीमा ताणत नाही म्हणून कमी उडतो, पण हूक उडू शकतो. आणि बोट चढली म्हणजे झालं असं नाही, विंचची लाइन ही रस्त्यावर बोट धरून ठेवायला नाही. नाळेच्या कडीतून ट्रेलरच्या सांगाड्याला वेगळी साखळी, ८ मिलीमीटर गॅल्व्हनाइज्ड, आणि मागे दोन्ही कोपऱ्यांना रॅचेट बेल्ट. मुंबई-गोवा हायवेच्या खड्ड्यांतून चिपळूणला पोचेपर्यंत नुसत्या विंचवर बांधलेली बोट ट्रेलरवर कुठल्या जागी असेल याची मी पैज लावणार नाही.

देखभालीचं थोडक्यात. प्रत्येक वापरानंतर गोडं पाणी. नुसतं ड्रमवर वरून मारलं तर आतल्या थरांतलं मीठ तसंच राहतं, पूर्ण बाहेर काढून धुवा, सावलीत वाळवा आणि मग गुंडाळा. रेतीत लोळलेला दोर तर बादलीत बुडवून हलवावाच लागतो, बारीक रेती तंतूंमध्ये जाऊन आतून कापत राहते. उन्हात ट्रेलर उभा असेल तर विंचवर जुन्या ताडपत्रीची टोपी शिवून घाला.

टाकून कधी द्यायचं: बेल्टची कड कापली गेली, शिवण उसवली, किंवा कुठे कडक चकचकीत झाला म्हणजे घासून वितळला, तर गेला. वायरला कुठेही पीळ पडून कोपरा झाला तर ती सरळ करून वापरू नका, तिथे ती मेलेलीच आहे. फेरूलजवळ वाकवून आत बघा, लाल भुकटी पडली तर निरोप द्या. दोरावर नुसती लव आली तर घाबरायचं नाही, ती उलट आतल्यांना वाचवते, पण १२ पैकी एक धागा पूर्ण तुटला किंवा एखादी जागा बाकीपेक्षा बारीक लागली तर तिथून कापा आणि नवीन डोळा गुंफा. ही सोय वायरला आणि बेल्टला इतकी सोपी नाही. शिवाय दोर दोन हंगामांनी उलटा लावता येतो, ड्रमच्या पोटातलं ताजं टोक बाहेर.

आणि पावसाळ्यात बेल्ट किंवा दोर विंचवर ठेवू नका, काढून घरात आणा. घरात म्हणजे पत्र्याच्या डब्यात, झाकण लावून. मी पहिल्या वर्षी पडवीत खुंटीला टांगला होता. ऑगस्टमध्ये काढला तर उंदरांनी बरोबर डोळ्याच्या खाली, जिथे मी दीड तास घालवला होता, तिथेच कुरतडला होता.